दूध केंद्राची स्क्रीन आणि सरांचा आलेखाचा कागद

सर, नमस्कार. फोनवर थँक्यू म्हटलं पण मन भरलं नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

आमच्या दूध केंद्रावरची ती 800 बाय 480 पिक्सेलची, म्हणजे ठिपक्यांची, स्क्रीन. पहाटे लोक कॅन घेऊन रांगेत असतात, आणि फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), दर बदलताना आकडा लुकलुकला की माणसाला शंका येतेच, यायलाच हवी, त्याच्या कष्टाचा पैसा आहे. म्हणून डबल बफर करायला घेतलं, एक पान दिसतंय तोवर दुसऱ्यावर चित्र काढायचं आणि मग पान पलटायचं, तर लुकलुकणं राहिलं बाजूला, रंगच भलतेच यायला लागले, एका ओळीतलं चित्र दोन ओळींत सांडलेलं.

ज्यांनी बोर्ड विकला ते तीन आठवडे "पॅनल बदलून बघा" एवढंच म्हणत राहिले, आणि दुसऱ्या एका जाणकारांनी तर सरळ सांगितलं की आधी बेसिक शिकून या. राग अजून आहे.

तुम्ही मात्र कोड मागितला नाहीत. आधी आलेखाच्या कागदावर एका पिक्सेलच्या 16 बिटांचे 16 चौकोन आखलेत, मुलीचे स्केचपेन घेऊन 5 लाल, 6 हिरवे, 5 निळे रंगवलेत आणि फोटो पाठवलात, खाली लिहिलंत "हिरव्याला एक जास्त, कारण डोळ्याला हिरव्यातला फरक जास्त कळतो". रात्री साडेदहाला! त्या एका फोटोत मला सगळं दिसलं. मी प्रत्येक पिक्सेलला 32 बिट मागत होतो, ड्रायव्हरने (स्क्रीन चालवणाऱ्या प्रोग्रामने) ते नाकारलेलं, स्क्रीन 16 वरच, म्हणजे दोन बाइटवरच होती, आणि मी त्याचं उत्तर न बघता प्रत्येक पिक्सेलला चार बाइट ओतत होतो. 32 चं एक पान 15,36,000 बाइट, स्क्रीनसाठी राखलेली मेमरी नेमकी तेवढीच, दुसरं पान मावणार कुठे? 16 केलं की त्याच जागेत बरोब्बर दोन पानं. 65,536 रंग आकडे दाखवायला भरपूर झाले.

ज्याला येतं त्याने समोरच्याला लहान न करता सांगणं, हे किती दुर्मिळ झालंय हो. तुम्ही एकदाही "एवढंही माहीत नाही?" म्हणाला नाहीत.

काल पहाटे आकडा एकदाही हलला नाही. एक आजोबा नुसते बघून "हं" म्हणाले आणि कॅन उचलून गेले.

गाय व्यायला आलीये सर, चीक निघाला की खरवस घेऊन येतो, मुलीसाठी नवे स्केचपेनही.