आई, रोज थोडा वेळ एका पायावर उभी राहात जा

प्रिय आई,
इकडे न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिनला थंडी सुरू झालीये, आम्ही सगळे मजेत. तू फोनवर म्हणालीस ना की परकर घालताना आता भिंतीला हात लावायला लागतो, ते ऐकल्यापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून सविस्तर लिहितेय.

अण्णा रोज अजिंक्यतारा गड चढतात ते उत्तमच, तूही 'चार भिंती' स्मारकापर्यंत जातेस, पण तोलाचा व्यायाम वेगळा करायला लागतो गं. कानाच्या आतला भाग, डोळे आणि तळपाय, तिन्हीकडून मेंदूला निरोप येतात, तो ते जुळवून स्नायूंना कामाला लावतो, म्हणजे तोल सांभाळताना मेंदूचाच व्यायाम होत असतो. जर्मनीत 2017 साली धडधाकट माणसांकडून 12 आठवडे फक्त तोलाचे व्यायाम करून घेतले तर त्यांची स्मरणशक्तीसुद्धा सुधारली!

इथल्या ओटागो युनिव्हर्सिटीने तर ऐंशीच्या पुढच्या बायकांना घरच्या घरी करायचे व्यायाम शिकवले, पायाची ताकद, एका पायावर उभं राहणं, टाचेला पंजा लावून चालणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं. अशा चार अभ्यासांत मिळून पडण्याचं प्रमाण साधारण 35 टक्क्यांनी कमी झालं. चिनी लोक म्हातारपणीही 'ताई ची' नावाचा संथ व्यायाम करतात त्यातही हेच, सावकाश एका पायावरून दुसऱ्यावर वजन न्यायचं. आणि न्यूयॉर्कमध्ये 75 च्या पुढच्या 469 जणांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, 2003 मध्ये ते छापून आलं, त्यात नाचणाऱ्यांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, कमी झालेला दिसला. तो नाचामुळेच टळला असं त्यावरून ठाम म्हणता येत नाही, पण मला लगेच तुमची मंगळागौर आठवली, झिम्मा खेळताना गाणं, ताल, पावलं, समोरचीचा हात, सगळं एकदम सांभाळायचं असतं! गुडघे दुखतात म्हणून तू हल्ली नुसती बघत बसतेस, पण फुगडी राहू दे, झिम्मा तरी हळूहळू खेळ ना.

रोज चहा उकळेपर्यंत गॅसपासून लांब, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला धरून एका पायावर उभी राहा, मग दुसऱ्या. जमायला लागलं की नुसती बोटं टेकव. ओल्या फरशीवर अजिबात नको. बीपीच्या गोळीने चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचार, ते टाळू नकोस. आणि अण्णांनाही सोबत घे, गड चढतो म्हणून त्यांना सूट नाही.

रविवारी व्हिडिओ कॉल करते, तेव्हा दोघांनी करून दाखवा.

तुझी,
ताई