घुमटाला कच्चंच कातडं लागतं

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला, बकऱ्याचं कातडं घरी कमावून घुमटावर, म्हणजे आरत्यांना वाजवायच्या मातीच्या वाद्यावर, चढवण्याचा लेख वाचला. चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आलेली असताना इतका अर्धवट मजकूर छापायला नको होता.

लेखाची सुरुवातच तुरटीने होते. त्याआधीचं मीठ कुठे गेलं? मांसाकडची चरबी खरवडून कातड्याच्या वजनाच्या निम्मं बारीक मीठ लगेच चोळावं लागतं, मान आणि कडांनाही. आपल्या दमट हवेत उशीर झाला की केसांच्या मुळाशी कुजायला लागतं आणि पुढे केस मुठीने हातात येतात. त्यावर मग उपाय नाही.

तुरटीचं प्रमाणही मोघम दिलंय. चार लिटर पाण्यात साधारण 450 ग्रॅम तुरटी. वेगळ्या दोन लिटरमध्ये 115 ग्रॅम धुण्याचा सोडा आणि 225 ग्रॅम मीठ. सोड्याचं पाणी तुरटीत बारीक धारेने, सतत ढवळत सोडायचं. एकदम ओतलं तर फेस येतो आणि साका तळाशी बसतो. दोन ते पाच दिवसांनी मानेची जाड कड कापून बघावी, आतपर्यंत पांढरी दिसली तर झालं. नंतर अर्धवट ओलं असतानाच ताणून मळावं लागतं, नाहीतर कातडं फळीसारखं ताठ होतं.

आणि हेच कातडं घुमटावर चढवा म्हणे! साफ चूक. घुमटासाठी चुन्याच्या पाण्यात केस सुटेपर्यंत ठेवायचं, केस काढून भरपूर धुवायचं, ओलंच तोंडावर ताणून दोरीने आवळायचं आणि सावलीत वाळवायचं. वाळताना ते आकसतं, म्हणून नाद येतो. कमावलेलं तसं आकसत नाही, थाप बद्द पडते.

त्याहून गंभीर म्हणजे तो फोटो. घोरपडीच्या कातड्याचं घुमट आणि खाली ‘अस्सल’! घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे; गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद होते. आजोबांचं घुमट वारशाने आलं तरी 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकाकडे जाहीर करावं लागतं आणि मालकीचा दाखला असला तरी विकता येत नाही. 2019 साली सरकारने वारसा वाद्याचा मान दिला तो घुमटाला, घोरपडीच्या कातड्याला नव्हे. बकऱ्याच्या कातड्यावर आरत्या उत्तम वाजतात.

लेखाची दुरुस्ती चवथीआधी छापावी, फोटोखालच्या ओळीसकट.

– एक वाचक, फोंडा