टी-रेक्सला गिधाड म्हणू नका

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत टी-रेक्स हा मांसाहारी डायनोसॉर म्हणजे नुसतं मढी खाणारं धूड होतं असा लेख आलाय, आणि माझा भाचा दोन दिवस तोच पेपर नाचवत "बघ मामा, छापून आलंय" म्हणत मागे लागलाय, म्हणून हे पत्र.

ही थिअरी अमेरिकेतल्या मोंटानाचे डायनोसॉर-अभ्यासक जॅक हॉर्नर यांची, नव्वदच्या दशकात गाजलेली. हात एवढुसे, मेंदूतला वासाचा भाग मोठा, म्हणजे हा वास काढत मढी शोधणारा. माणूस मोठा, त्यात वाद नाही. पण मगर कुठे हाताने धरते हो? जबडाच लागतो. आणि वासाचंच म्हणाल तर लांडगापण वासावरच माग काढतो की.

खरी गंमत म्हणजे 2013 साली प्रसिद्ध झालेला पुरावा लेखात नावालाही नाही. अमेरिकेतल्याच साउथ डकोटात हेल क्रीक नावाच्या खडकांच्या थरात हॅड्रोसॉरच्या, म्हणजे बदकतोंड्या शाकाहारी डायनोसॉरच्या, शेपटीचे दोन मणके सापडले, एकमेकांना चिकटून एक झालेले, आत टी-रेक्सच्या दाताचा तुकडा रुतलेला आणि त्याच्याभोवती नवीन हाड भरून आलेलं. मेलेल्याचं हाड भरून येतं का? माझं मनगट मोडलं होतं तिथे अजून बोटाला गाठ लागते, तसलंच हे. म्हणजे जिवंत जनावराच्या शेपटीला मागून चावा बसला, दात तुटला, जनावर निसटलं आणि जखम भरेपर्यंत जगलं. शिकार फसली, पण शिकारच ना ती!

मेलेलं खायचा नाही असं मी म्हणतच नाही, आयतं मिळालं तर कोण सोडतंय. आफ्रिकेतलं ठिपकेवालं तरस आपण मढंखाऊ समजतो, ते बरंचसं स्वतः मारून खातं आणि जंगलचा राजा सिंह त्याच्या शिकारीवर डल्ला मारतो. निव्वळ मढ्यांवर जगणं गिधाडाला परवडतं कारण ते पंख न हलवता तासन्‌तास घिरट्या घालतं, सात-आठ टनांचं अंग घेऊन पायी हिंडणाऱ्याला ते कसं झेपणार, मढं सापडेपर्यंत हाच उपाशी मरायचा.

पुढच्या वेळी त्या मणक्यांचा फोटो छापा. भाच्याला पेपरात छापलेलंच पटतं.

– तुमचा जुना वाचक, नाशिक