आटलेले डबके रिकामे नसते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तीन महिन्यांत म्हातारा होणाऱ्या आफ्रिकी माशावरचा लेख वाचला. आमच्या दोन खोल्यांच्या घरात गेली अकरा वर्षे माणसांपेक्षा काचेच्या टाक्यांची सोय आधी बघितली जाते (हे सौ.चे मत), आणि त्यातल्या दोन टाक्या किलिफिशच्या, म्हणजे लेखातल्या याच माशाच्या आहेत. त्यामुळे ‘नोथोब्रँकियस फुर्झेरी’ हे त्याचे शास्त्रीय नाव मराठी वर्तमानपत्रात छापून आलेले बघून मी तो लेख दोनदा वाचला. दुसऱ्या वाचनात मात्र दोन चुका दिसल्या. शिवाय एक मोठी गोष्ट राहूनच गेली आहे.

पहिली चूक. डबके आटले की हा मासा चिखलात झोपून राहतो, असे लेखात म्हटले आहे. झोपतो तो लंगफिश. फुप्फुसाने श्वास घेणारा हा मासा त्याच डबक्यांत सापडतो, म्हणून घोटाळा झाला असावा. किलिफिश झोपत नाही, मरतो. पाणी संपले की एकही मासा उरत नाही. उरतात ती अंडी. नर मादीला तळाशी दाबून धरतो आणि दर खेपेला एकेक अंडे चिखलात जाते. मोहरीहूनही लहान, जेमतेम एक मिलिमीटरचे, पण कवच चिवट. आतला गर्भ वाढता वाढता थांबतो. अशा थांबण्याच्या तीन पायऱ्या आहेत. शास्त्रज्ञ त्याला डायपॉज म्हणतात.

खरी गंमत पुढे आहे. पहिला पाऊस पडला म्हणून सगळी अंडी फुटत नाहीत. काही फुटतात, काही तशीच पडून राहतात. तो पाऊस फसवा निघाला आणि डबके आठवड्यात पुन्हा सुकले, तर फुटलेली पिल्ले गेली. पण मागे राहिलेल्यांवर वंश चालतो. दुबार पेरणीची वेळ ज्यांच्यावर आली आहे, त्यांना ही हुशारी वेगळी समजावून सांगायला नको.

हे मी घरी बघितले आहे. आम्हा हौशी लोकांत ही अंडी ओलसर पीटमध्ये (कुजलेल्या शेवाळाच्या भुशात) घालून प्लॅस्टिकच्या पिशवीतून टपालाने येतात. पिशवीवर तारीख लिहायची आणि कपाटात ठेवून द्यायची. काही महिन्यांनी ते पीट ट्रेमध्ये पसरून वर गार पाणी ओतले की काही तासांत डोळ्यांचे काळे ठिपके पोहायला लागतात. उरलेले पीट फेकायचे नाही. पुन्हा निथळून कपाटात ठेवायचे; पुढच्या ओतणीला आणखी पिल्ले निघतात. एकदा आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी ती ‘माती’ तुळशीच्या कुंडीत टाकली होती. चूक माझीच, पिशवीवर नुसती तारीख होती.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची. पाणी आटते म्हणून हा मासा लवकर मरतो, एवढ्यावर लेख थांबतो. माझी टाकी कधीच आटत नाही. तरी चौथ्या-पाचव्या महिन्यात नराचा निळा-हिरवा रंग विटतो, पाठीला बाक येतो, अंग वाळते आणि खाण्यावरची वासना उडते. म्हातारपण त्याच्या अंगातच आहे. प्रयोगशाळांना त्याचे अप्रूप वाटते ते यामुळेच. 1968 मध्ये तेव्हाच्या ऱ्होडेशियातून, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेतल्या गोनारेझू अरण्यातून, हे मासे पहिल्यांदा पकडले गेले. 1971 मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ जब यांनी त्यांना नाव दिले. पुढची कित्येक वर्षे हा वंश हौशी लोकांच्या टाक्यांमध्येच टिकून राहिला. इतक्या कमी दिवसांत म्हातारा होणारा हा मासा संशोधनाच्या कामाचा आहे, हे 2003 मध्ये वाल्देसालिची आणि चेलेरिनो या संशोधकांनी प्रसिद्ध केले. मग जर्मनीत येना आणि कोलोन, अमेरिकेत स्टॅनफर्ड इथल्या प्रयोगशाळांपर्यंत त्याचा प्रवास झाला आणि 2015 मध्ये त्याचा जनुकीय आराखडाही प्रसिद्ध झाला. लेखात हा शेवटचा भाग चांगला आला आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

राहिले आहे ते डबके. मोझांबिकच्या दक्षिण भागात आणि गोनारेझूच्या बाजूला पावसाने भरणारी ही डबकी काही ठिकाणी महिनाभरसुद्धा टिकत नाहीत. 2018 मध्ये चेक संशोधकांनी तिथल्या माशांच्या कानातल्या खड्यांवरची रोजची एकेक वलये मोजून दाखवले की अंड्यातून निघाल्यापासून चौदा-पंधरा दिवसांत ते वयात येतात. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत याहून लवकर वयात येणारा दुसरा माहीत नाही. आणि हे कुठल्याही खळग्यात होत नाही. तळाला विशिष्ट चिकणमाती लागते, ओली झाली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी. मृदाशास्त्रात तिला व्हर्टिसोल म्हणतात. आपली कपाशीची काळी जमीन त्याच गटातली. वैशाखात भेगा पडलेल्या काळ्या रानात जो उभा राहिला आहे, त्याला गोनारेझूचे सुकलेले डबके निम्मे तरी बघितल्यासारखे होईल.

आता असे डबके वाचवायचे कसे? कोरड्या दिवसांत पाहणीला गेलेल्या माणसाला तिथे काहीच दिसत नाही. ना मासा, ना पाणी. मग तिथे नांगर फिरतो, भराव पडतो, प्लॉट पडतात. टांझानियात दार-ए-सलाम शहर जसजसे पसरते आहे, तसतशी तिकडच्या काही नोथोब्रँकियस जातींची डबकी धोक्यात आली आहेत. काही जाती तर जगात एखाद्-दुसऱ्या ठिकाणीच सापडल्या आहेत. तिथला खळगा बुजला की जात संपली.

आपल्याकडच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल अशी गोष्ट म्हणजे, भल्या हेतूने डबके खोल करून बारमाही केले तरीही हा मासा जातो. एक तर मोठे शिकारी मासे त्यात टिकून राहतात आणि याला खाऊन टाकतात. दुसरे म्हणजे चिखलातल्या अंड्यांना वाढायला कोरडे दिवस लागतात. शेततळे ही चांगली गोष्ट आहे, मीही गावी त्यासाठी भांडलो आहे. पण सगळीकडे नाही. आपल्या सड्यांवरच्या पावसाळी डबक्यांतही सुकून पुन्हा जागी होणारी फेअरी श्रिम्पची (कोळंबीसारख्या इवल्या जिवाची) अंडी असतात, आणि ते सडेही उन्हाळ्यात बघणाऱ्याला ओसाडच वाटतात.

म्हणून एक विनंती. लेखासोबत भेगाळलेल्या तळाचे छायाचित्र आहे आणि खाली ‘पाऊस येईपर्यंत निर्जीव’ अशी ओळ आहे. दुरुस्ती छापणार असाल, तर माशाच्या झोपेच्या आधी ती ओळ दुरुस्त करा. त्या छायाचित्रात, भेगांच्या खाली बोटभर अंतरावर, पुढच्या वर्षीचे सगळे मासे आहेत.

आपला,
एक वाचक, चिंचवड