पौड रोडच्या गॅरेजवाल्या काकांना, जरा उशिराच

काका नमस्कार,
तुम्ही मोबाईलवर फोन सोडून काही बघत नाही हे माहितीये, म्हणून ताईला सांगून ठेवलंय की हे वाचून दाखव. आणि उघड लिहितोय कारण तुम्ही मला जे दाखवलंत ते पावसात चिखलात गाड्या घालणाऱ्या आमच्या ग्रुपमधल्या अर्ध्या पोरांना माहीतच नाहीये.

तो रविवार आठवतोय ना? ताम्हिणीच्या अलीकडे डांबरी सोडून आत गेलेलो, ओढ्याला पाणी गुडघ्याएवढं, मधल्या दगडावरून पुढचं चाक सटकलं आणि माझी जुनी इम्पल्स बाईक डाव्या अंगावर आडवी. कशीबशी ओढून काठावर आणली आणि अंगठा सेल्फवर जाणार तेवढ्यात मित्राने तुम्हाला लावलेला फोन लागला आणि स्पीकरवर तुम्ही ओरडलात, "बटनाला हात लावायचा नाय!" तेव्हा राग आला होता खरं सांगतो. मग तुम्ही समजावलंत की हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, सिलेंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की वाकतो तो कनेक्टिंग रॉड आणि मग इंजिन उघडायचं काम. तुम्ही सांगितलंत तसं चावी बंद ठेवून स्पार्क प्लग काढला, न्यूट्रलला किक मारली, तर भोकातून अशी पिचकारी उडाली की मित्राचा चष्मा भिजला. इंजिन ऑइलची काडी काढून बघितली तर दुधाळ चहा, म्हणजे ऑइलमध्येही पाणी! त्यावर तुम्ही "चालू करू नको, येतो" म्हणालात आणि रविवारचं जेवण सोडून पिकअप घेऊन आलात.

पण आभार त्याहून जास्त पुढच्या गोष्टीचे आहेत. मला वाटलं आता ओढ्यावरून शिव्या बसणार. तुम्ही काहीच न बोलता सीट काढलीत, हवेचा फिल्टर बाहेर घेतलात आणि फिल्टरच्या मागे कार्बोरेटरकडे जाणाऱ्या रबरात बोट फिरवलंत. बोटाला लाल मऊ चिखल, अगदी गंध उगाळल्यासारखा. म्हणालात, "पाणी आजचं आहे रे, ही माती महिन्याची आहे."

आणि ती माती मीच घातलेली होती काका! दर राईडनंतर वॉशिंगवाल्याकडे प्रेशर गन सीटखाली मारायचो, म्हणजे स्वतःच्या हाताने पाणी एअर बॉक्समध्ये, फिल्टर बसतो त्या डब्यात. फोमचा फिल्टर लावला तो कोरडा, ऑइल न लावता, कारण हात चिकट होतात. त्यात एअर बॉक्सच्या तळाची नळी पार्किंगमध्ये ठिबकते म्हणून मी वायर टाय मारून आवळून टाकलेली. तुम्ही तो टाय कापलात तेव्हा कपभर गढूळ पाणी बदाबदा खाली पडलं. ते पाणी बाहेर जायची ती एकच वाट होती आणि मी तीच बंद केलेली.

मग फोम आधी रॉकेलमध्ये, मग साबणाच्या पाण्यात धुतलात. मी पिळायला घेतला तर हातावर चापट, "टॉवेल आहे का तो? जोड फाटतो, नुसता दाब." सावलीत पूर्ण वाळल्यावर फिल्टर ऑइल घालून पिठासारखा मळायचा, सगळीकडे एकच रंग आला पाहिजे, जिथे फिका तिथून धूळ जाते. आणि जिथे फोम बॉक्सला टेकतो त्या कडेला ग्रीसचा हात, हे तर मी कुठल्याच व्हिडिओत नीट बघितलं नव्हतं, फिल्टर कितीही चांगला असला तरी माती त्या फटीतून आत शिरते आणि पिस्टनच्या रिंगा खाते.

गाडी धुताना फिल्टर काढून एअर बॉक्सच्या तोंडावर घट्ट बसणारं झाकण लावायचं ही तुमची आयडिया, माझ्या गाडीला श्रीखंडाच्या डब्याचं झाकण फिट बसतं. (एकदा ते काढायला विसरलो आणि अर्धा तास किका मारत बसलो, हे ताई वाचणार नाही अशी आशा.) अजून एक चूक कबूल करतो, पाणी नको म्हणून मी एअर बॉक्सची हवा जायची भोकंच डक्ट टेपने बंद करून बघितली, गाडी चढाला धापा टाकायला लागली आणि प्लग काळा. टेप काढला. आता ओढ्यात उतरायच्या आधी चालत जाऊन पाणी बघतो, सीटच्या जवळ येत असेल तर सरळ माघारी.

दोनदा ऑइल बदललंत आणि पैसे फक्त ऑइलचे घेतलेत, मजुरी विचारली तर म्हणालात चहा पाज. तो चहा अजून बाकी आहे. या रविवारी येतो, तुमचा प्लग पाना त्या दिवसापासून माझ्याच टूलकिटमध्ये पडलाय, तो पण आणतो.

तुमचा,
श्रीखंडाच्या झाकणवाला