सँटोरिनीच्या छायाचित्रांबरोबर तिथल्या वाहतुकीची माहितीही छापावी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पर्यटन पुरवणीत गेल्या काही महिन्यांत ग्रीसमधील सँटोरिनी बेटावर दोन लेख आले. पांढरी घरे, निळे घुमट आणि मावळता सूर्य यांची छायाचित्रे देखणी होती. परंतु त्या बेटावर पोहोचायचे कसे आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचे कसे, याविषयी दोन्ही लेखांत मिळून चार ओळीही नव्हत्या. मी एसटीत एकतीस वर्षे काढली, त्यांतली शेवटची बारा वाहतूक नियंत्रक म्हणून, त्यामुळे कोणत्याही गावाचा विचार मी आधी त्याच्या रस्त्यावरून आणि स्थानकावरून करतो. गेल्या ऑगस्टमध्ये, गणपतीपूर्वी परतायचे या हिशेबाने, मी, माझी पत्नी, धाकटी बहीण आणि मेव्हणे असे चौघे सँटोरिनीला जाऊन आलो. आमच्या ओळखीतली आणखी तीन कुटुंबे येत्या उन्हाळ्यात निघण्याच्या तयारीत आहेत. आम्हांला जो भुर्दंड पडला तो त्यांना पडू नये, या एकाच हेतूने हे पत्र लिहीत आहे.

आमचे सर्व आरक्षण शहरातल्या एका प्रवासी संस्थेने केले होते. तिचे नाव इथे घेत नाही, कारण माझी तक्रार त्या एका माणसापुरती नाही. त्याने आम्हांला सांगितले होते की बोट बेटावर लागते आणि हॉटेल 'बंदरापासून जवळच' आहे. बेटावर दोन बंदरे आहेत, हे त्यालाच ठाऊक नव्हते. अ‍ॅथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून येणाऱ्या प्रवासी बोटी अथिनिओस या दक्षिणेकडच्या बंदराला लागतात. फिरा या बेटावरच्या मुख्य गावाच्या थेट खाली जे जुने बंदर आहे, तिथे समुद्रात उभ्या राहिलेल्या क्रूझ जहाजांचे प्रवासी लहान बोटींतून उतरतात. आमचे हॉटेल होते इया या गावात, म्हणजे बेटाच्या पार उत्तर टोकाला. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या आसपास इथे ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला आणि बेटाचा मधला भाग समुद्रात खचला. त्यामुळे पश्चिमेची बाजू तासून काढल्यासारखी सरळ उभी आहे, गावे वर कड्यावर आणि बंदरे खाली पाण्याशी. अथिनिओसहून वर चढणारा रस्ता ज्याने गगनबावड्याचा घाट पाहिला आहे त्याला नवा वाटणार नाही. फरक इतकाच की इथे एकाच वेळी बोटीतून उतरलेले शेकडो प्रवासी, ट्रक, भाड्याच्या मोटारी आणि बस त्याच वळणांवर असतात.

सकाळी साडेसातच्या सुमारास पिरेयसहून सुटलेली मोठी बोट पारोस, नाक्सोस ही बेटे करीत तिसऱ्या प्रहरी पोहोचते. हा प्रवास साधारण आठ तासांचा आहे. जलद बोट पाच तासांत नेते, पण तिचे भाडे बरेच जास्त असते आणि लाटांचा त्रासही तिच्यात अधिक होतो. अ‍ॅथेन्स विमानतळावरून पिरेयसला आता मेट्रो थेट जाते आणि एक्स-९६ क्रमांकाची बस रात्रंदिवस धावते, हेही आम्हांला कोणी सांगितले नव्हते. आम्ही चौघांनी टॅक्सी केली.

आता बसविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण पुरवणीने सर्वांत जास्त जागा याच गोष्टीला द्यायला हवी. बेटावरील सार्वजनिक बससेवेचे सगळे मार्ग फिरा येथील स्थानकावरून सुटतात आणि तिथेच परत येतात. तालुक्याच्या स्थानकावरून खेडोपाडी गाड्या सुटाव्यात, तशीच ही रचना आहे. विमानतळावरून इयाला थेट बस नाही, कामारीहून इयाला नाही, पेरिसाहून अक्रोतिरीला नाही. कुठेही जायचे तरी फिराला उतरून गाडी बदलायची. एवढी एक गोष्ट आधी कळली असती, तर आम्ही इयाला मुक्काम केलाच नसता. फिराला उतरलो असतो, किंवा गुडघ्याचा त्रास असलेल्या माझ्या बहिणीसाठी कामारीसारख्या सपाट, समुद्रकाठच्या गावी खोली घेतली असती; तिथून फिराला गाड्या आहेत.

त्या स्थानकावर मी एक अख्खी दुपार बसून होतो, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. स्थानक म्हणजे उतारावरची एक मोकळी जागा आहे; फलाटांना क्रमांक नाहीत, आणि गाडी लागली की वाहक खाली उतरून गावाचे नाव मोठ्याने पुकारतो. आपल्याकडच्यासारखाच तो गाडी सुटल्यावर मधल्या वाटेने फिरत तिकिटे फाडतो, सुटे पैसे मुठीत धरून. माझ्या वेळी कोणत्याही गावाला दोन-तीन युरोंहून अधिक पडले नाहीत, तर तेवढ्याच अंतराला टॅक्सीवाल्याने त्याच्या दहापट मागितले. टॅक्सी सबंध बेटावर अगदी मोजक्या आहेत आणि बोट लागण्याच्या वेळी तर मिळतच नाहीत. गाड्या स्वच्छ होत्या, चालक अतिशय कसबी होते. अडचण एकच: क्रूझ जहाजे आलेल्या दिवशी दुपारी, आणि इयाला सूर्यास्त झाल्यानंतर, सगळी गर्दी एकदम बसथांब्यावर येते. पहिल्या संध्याकाळी आम्ही सूर्यास्तासाठी थांबलो नाही, आमचे हॉटेलच तिथे होते; पण गल्लीतून वर येऊन पाहिले तेव्हा परतीच्या रांगेत लहान मुले कडेवर घेतलेल्या बायका उभ्या होत्या आणि तीन गाड्या भरून गेल्या तरी रांग हलली नव्हती. ज्यांना मुक्कामाला फिराला परतायचे आहे, त्यांनी सूर्यास्तापूर्वीच्या गाडीने निघावे किंवा रात्री बराच उशीर करावा आणि शेवटच्या गाडीची वेळ त्याच दिवशी स्थानकावर विचारून घ्यावी.

इयातली मुख्य वाट केवळ चालण्याची आहे. गाडी गावाच्या तोंडाशी सोडते आणि पुढे कड्याच्या पोटात कोरलेल्या घरांपर्यंत पायऱ्या उतरत जायचे असते. आमच्या हॉटेलपर्यंत एकशे चौदा पायऱ्या होत्या, मी मोजल्या. प्रत्येक वेळी खोलीत जाताना बहिणीला कठड्याला धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरावे लागले. आरक्षण करताना 'समुद्राचे दृश्य' असा शब्द छापलेला होता, पायऱ्यांचा उल्लेख कुठेही नव्हता.

जुन्या बंदरातून फिराला चढण्यासाठी १९७९ पासून रोपवे आहे, त्याशिवाय सुमारे ६०० पायऱ्यांची वाट आहे आणि त्या वाटेवर खेचरे व गाढवे माणसे वाहतात. २०१८ मध्ये ग्रीसने जनावरावर १०० किलोंपेक्षा जास्त, किंवा त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त, ओझे टाकण्यास मनाई केली आहे. भर उन्हात त्या पायऱ्यांवर घसरणारे खूर मी जवळून पाहिले. आपल्या वाचकांपैकी कोणीही हौस म्हणून त्यांवर बसू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. रोपवेला रांग असली तरी ती सरते.

मोटार किंवा चारचाकी मोटारसायकल भाड्याने घेण्याचा सल्ला तरुण मंडळी हमखास देतात. तिथे वाहने उजव्या बाजूने चालतात आणि भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना असणे आवश्यक आहे. तो आपल्याच आरटीओ कार्यालयातून मिळतो आणि निघण्यापूर्वीच काढावा लागतो. काही दुकानदार तो न पाहताही वाहन देतात. पण अपघात झाल्यास विमा हात वर करतो, हे लक्षात ठेवावे.

आता आमच्या नुकसानीची गोष्ट. परतीच्या दिवशी दुपारी तीनची जलद बोट आणि त्याच रात्री अ‍ॅथेन्सहून मुंबईकडे निघणारे विमान, असे आमचे आरक्षण होते. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून 'मेल्तेमी' नावाचा वारा वाहतो. आकाश निरभ्र असते आणि तरीही समुद्र खवळलेला असतो. वारा ठरावीक जोरापलीकडे गेला की बंदर अधिकारी बोटींना सुटण्यास बंदी करतात, आणि जलद बोटी आधी थांबतात. आमची थांबली. अथिनिओसच्या धक्क्यावर सामानावर बसून आम्ही संध्याकाळ पाहिली. मोठी बोट दुसऱ्या दिवशी मिळाली, तोवर विमान गेले होते. बोटीच्या तिकिटाचे पैसे किंवा पुढच्या बोटीत जागा, हा प्रवाशाचा हक्क युरोपीय नियमात आहे; परंतु हुकलेल्या विमानाची जबाबदारी बोटवाल्यावर येत नाही. चौघांच्या नव्या तिकिटांना दोन लाखांहून अधिक रुपये गेले, आणि त्यांत मेव्हण्यांच्या निवृत्तीच्या पैशांचा मोठा भाग होता. आमच्या प्रवासी संस्थेने 'हवामानापुढे आमचा इलाज नाही' एवढेच उत्तर दिले. वारा त्यांच्या हातात नव्हता, हे मलाही मान्य आहे. पण परदेशी विमानाच्या आदली रात्र अ‍ॅथेन्समध्येच काढायची, हे ठरवणे तर त्यांच्या हातात होते. ज्याला तेही जमत नसेल, त्याने शेवटच्या टप्प्यासाठी सँटोरिनी ते अ‍ॅथेन्स विमान घ्यावे. ते पाऊण तासात पोहोचते, आणि मध्ये पुरेसा वेळ सोडावा.

तेव्हा आपल्या पुरवणीकडे माझे मागणे असे आहे की अशा स्थळावर लेख येईल तेव्हा त्याच पानावर एक चौकट द्यावी: बंदर कोणते, मुक्कामाच्या गावाला थेट गाडी आहे की बदलावी लागते, हॉटेलपर्यंत पायऱ्या किती, आणि परतीच्या प्रवासात राखीव रात्र ठेवली आहे का. गावातल्या प्रवासी संस्थांनीही हेच चार प्रश्न ग्राहकाला लेखी उत्तरासह द्यावेत, असे आपण त्यांना सुचवावे. फिराच्या स्थानकावर लावलेल्या वेळापत्रकाची छायाचित्रे आणि माझ्याकडची सर्व तिकिटे मी जपून ठेवली आहेत; आपल्या प्रतिनिधीने कळवल्यास मी स्वतः कार्यालयात आणून देईन.

आपला,
एक नियमित वाचक
राजारामपुरी, कोल्हापूर