नोटीस सभागृहाला नको, धमकी देणाऱ्याला द्या

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या सहा मिनिटांच्या ॲनिमेशनपटाचा खेळ दोन दिवस आधी रद्द झाला. बंदी कोणीही घातली नव्हती. सेन्सॉर बोर्डाचं 'यूए १६+' प्रमाणपत्र आमच्या हातात होतं, पास वाटून झाले होते. झालं एवढंच, की सभागृहाच्या व्यवस्थापकांना पोलीस ठाण्यात बोलावून त्यांच्या हातात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची नोटीस ठेवली गेली. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या काळात हिलाच सगळे '१४९ ची नोटीस' म्हणायचे. कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाल्यास आपणांस जबाबदार धरण्यात येईल, असा तिचा मजकूर. "ताई, तुमचा खेळ एका संध्याकाळचा, मला हॉल वर्षभर चालवायचाय," असं ते म्हणाले. मी त्यांना दोष देत नाही.

धमक्या ज्या नंबरांवरून आल्या, ते सगळे नंबर आम्ही ठाण्यात लेखी दिले होते. त्यांपैकी एकालाही नोटीस गेल्याचं आम्हाला कळलेलं नाही.

हा चित्रपट माझ्या एका मित्राच्या स्टँडअपमधल्या प्रसंगावर आहे. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स दरवर्षी वाढत जातो आणि शेवटी गावावरचं ऊनच झाकतो, मग लोक उन्हासाठी अर्ज करतात, अशी त्याची गोष्ट. मागच्या वर्षी त्यातला वीस सेकंदांचा तुकडा मोबाइलवर फिरला आणि गदारोळ झाला. तो तुकडा जिथे कापला होता, त्याच्या पुढच्याच वाक्यात माझा मित्र प्रेक्षकांना विचारतो, "आणि दोऱ्या कोणी धरल्यात?" दोऱ्या गावानेच धरलेल्या असतात. हे वाक्य कोणाच्याच कानावर गेलं नाही, म्हणून मी चित्रं काढायला बसले.

सेकंदाला बारा चित्रं, म्हणजे सहा मिनिटांची चार हजारांहून जास्त. आवाज मूळ कार्यक्रमातलाच ठेवला, प्रेक्षकांसकट. दोऱ्यांच्या त्या वाक्यानंतर सभागृह दोन सेकंद गप्प आहे आणि मग हशा फुटतो. त्या दोन सेकंदांची चोवीस चित्रं मी चार वेळा काढली. त्यांत काहीच हलत नाही. एक म्हातारी फक्त आपल्या मुठीकडे बघते, तिची पापणी लवते आणि मुठीतली दोरी दिसते. आपलीच चूक आपल्याला कळते तो क्षण मला पकडायचा होता. पुढाऱ्याला आम्ही चेहराच दिलेला नाही, चेहऱ्याच्या जागी पांढरा गोल आहे. तरी फोनवर मला सांगण्यात आलं, की तो गोल आमच्या साहेबांचाच आहे आणि हॉलच्या काचा शिल्लक राहणार नाहीत.

साहेब, कोणाला राग येऊ नये असं माझं म्हणणं नाही. राग आला तर टीका करावी, बाहेर शांतपणे निदर्शनं करावीत, कोर्टात जावं. माझं भांडण त्या एका कागदाच्या पत्त्याशी आहे.

कायदा याबाबत गोंधळलेला नाही. १९८९ साली एस. रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे झुकून अभिव्यक्ती दडपता येणार नाही, आणि चिडलेल्या जमावाला आवरणं आम्हाला जमत नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. तो निकालही सेन्सॉर झालेल्या चित्रपटाबद्दलच होता. २०१९ मध्ये पश्चिम बंगालमधला एक व्यंगपट प्रदर्शित होताच चित्रपटगृहांतून उतरवला गेला, तेव्हा न्यायालयाने राज्य सरकारला २० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. आणि शब्दांचा परिणाम दुबळ्या, जागोजागी धोका पाहणाऱ्या मनाच्या नव्हे, तर खंबीर माणसाच्या मापाने जोखावा, हे तत्त्व तर आपल्या नागपूरच्याच उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी स्वातंत्र्याआधी मांडलं. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक यांच्या पीठाने त्याचाच आधार घेतला.

जागा देणाऱ्याला घाबरवलं की कलाकार आपोआप गप्प होतो, हे जुनं आहे. अमेरिकेत १९६४ साली विनोदवीर लेनी ब्रूस याला न्यूयॉर्कच्या कोर्टाने अश्लीलतेबद्दल दोषी ठरवलं, आणि ज्या कॅफेत कार्यक्रम झाला त्याच्या मालकालाही. लेनीला काम मिळेनासं झालं, १९६६ साली तो वारला. न्यूयॉर्कच्या गव्हर्नरने त्याला माफी दिली ती २००३ मध्ये. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्याच ध्वनिमुद्रित आवाजावर एक छोटा ॲनिमेशनपट झाला, आणि तो पाहूनच मला या कामाचं धाडस झालं. पण स्वतःच्या आवाजावरची ती चित्रं पाहायला तो माणूस उरला नव्हता. माझा मित्र जिवंत आहे आणि दोन महिने त्याने एकही कार्यक्रम घेतलेला नाही. हॉलच मिळत नाहीत.

मार्च २०२५ मध्ये मुंबईत खारला एका विनोदी कार्यक्रमावरून स्टुडिओची तोडफोड झाली. त्यानंतर छोट्या हॉलवाल्यांच्या मनात काय बसलंय, हे कोणत्याही व्यवस्थापकाशी दहा मिनिटं बोललं तरी कळतं.

म्हणून आपल्याकडे एकच मागणी आहे. गृहविभागाने सर्व पोलीस ठाण्यांना परिपत्रक काढावं. प्रमाणपत्र असलेल्या चित्रपटाला किंवा विनोदी कार्यक्रमाला धमकी आली, तर नोटीस धमकी देणाऱ्याच्या नावे निघावी आणि सभागृहाला बंदोबस्त मिळावा. कार्यक्रमाविरुद्ध तक्रार आली, तर गुन्हा नोंदवण्याआधी त्याच संहितेच्या कलम १७३(३) खालची १४ दिवसांतली प्राथमिक चौकशी व्हावी. न्या. ओक यांच्या पीठाने अशा प्रकरणांत हाच मार्ग योग्य ठरवला आहे. आणि त्या चौकशीत मोबाइलवरचा तुकडा नव्हे, पूर्ण कार्यक्रम पाहिला जावा. यासाठी नवा कायदा लागत नाही.

त्याच व्यवस्थापकांनी पुढच्या महिन्यातला एक रविवार आमच्यासाठी राखून ठेवलाय. होकार देण्याआधी त्यांनी मला एकच विचारलं: या वेळी ठाण्यातून कागद कोणाच्या नावे येईल? त्यांना काय सांगू, हे आपण मला कळवावं.

आपली विश्वासू,
एक ॲनिमेटर